ऐकण्याची यादी, जपण्याची यादी

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम राज्याच्या हिशेबदप्तराचे. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन अशा सात अध्यायांचा हा ग्रंथ हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही आधाराला घेतात. हिशेबनिसाला शोभेल अशा काटेकोरपणे त्याने श्रुती मोजल्या, रागांची लक्षणे नोंदवली, गायकाचे गुण आणि दोष वेगवेगळे मांडले. देवगिरीचा किल्ला आमच्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरांवर आहे. पण त्या दरबारात एखादा राग प्रत्यक्ष कसा ऐकू येत असे, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वर्णन उरले, नाद गेला.

इतके मागे जायचेही कारण नाही. अल्लादियाखाँ १९४६ साली वारले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यानंतर ते चाळीसहून अधिक वर्षे जगले, तरी त्यांची एकही तबकडी निघाली नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, तेही मागे आवाज न ठेवता. महाराष्ट्रातल्या गाण्याचा गेल्या शतकातला निम्मा वंशवृक्ष या दोघांपाशी येऊन पोचतो, आणि हे दोघे आपल्याला फक्त शिष्यांच्या गळ्यातून आणि आठवणींतून माहीत आहेत. मूळ संहिता हरवलेल्या ग्रंथाची ओळख इतर ग्रंथांतल्या उताऱ्यांवरून करून घ्यावी, तसाच हा प्रकार.

हे सारे आज लिहिण्याला निमित्त आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा विषय मध्ययुगीन वाङ्मय, दुसऱ्याचा आधुनिक कविता. संगीताचे रीतसर शिक्षण दोघांचेही नाही. आम्हांला ऐकण्याची सवय लावली ती आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी. ते इतिहास शिकवीत. गेल्या वर्षी ते गेले. राहते घर विकून त्यांच्या पत्नी मुलाकडे पुण्याला निघाल्या आहेत. काकूंनी आम्हांला बोलावून तीन लोखंडी पेट्या दाखवल्या आणि म्हणाल्या, “काय ठेवायचं ते तुम्ही सांगा. मुलाच्या घरी एक कपाट मिळेल. बाकीचं सांभाळणं आता माझ्याच्यानं होणार नाही.” पेट्यांत चारशे बारा कॅसेटी, नऊ स्पूल, सव्वीस एलपी आणि लाखेच्या चौदा तबकड्या निघाल्या. कपाटात यातले फार तर एक तृतीयांश मावेल.

त्याच सुमारास एम.ए.च्या विद्यार्थ्यांनीही विचारले होते, “सर, शास्त्रीय संगीत ऐकायचं तर सुरुवात कोणत्या ध्वनिमुद्रणांपासून करावी?” दोन्ही प्रश्न आम्हांला आरंभी एकच वाटले. उत्तम ते निवडावे, विद्यार्थ्यांना सांगावे आणि कपाटात ठेवावे. पेट्या उपसता उपसता या दोन याद्या निराळ्या होत गेल्या.

आधी ऐकण्याची यादी. ती आम्ही गायनापुरती ठेवली आहे. शब्दांच्या वाटेने येणाऱ्याला बंदिशीचे बोट धरून आत शिरणे सोपे जाते.

पहिले नाव अब्दुल करीमखाँचे (१८७२–१९३७). मूळचे कैरान्याचे, मिरजेला स्थायिक झालेले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी आणि भैरवी यांच्या तबकड्या ज्याच्या कानावर पडल्या नाहीत, त्याने बाकी सारे बाजूला ठेवून त्या आधी ऐकाव्यात. लहानगा भीमसेन गुरूच्या शोधात घर सोडून निघाला, त्याच्या मुळाशी ही झिंझोटीच होती. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात खाँसाहेब घाई न करता स्वरावर थांबतात. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की लघुकथेत काय वगळावे हे शिकायचे असेल तर ही तबकडी ऐका.

दुसरे नाव केसरबाई केरकरांचे (१८९२–१९७७). गोव्यातल्या केरीचा जन्म, अल्लादियाखाँची प्रदीर्घ तालीम. गुरूचा आवाज उरला नाही, तेव्हा त्यांच्या विद्येचा सर्वांत जवळचा पुरावा म्हणजे केसरबाईंच्या मोजक्या तबकड्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली, हे बहुतेकांना ठाऊक असते. भैरवी ऐकून मात्र तेथेच थांबू नये. त्यांच्या ख्यालाच्या तबकड्यांत तानेची वीण इतकी घट्ट आहे, की पहिल्या खेपेला फक्त वेग जाणवतो. चौथ्या-पाचव्या खेपेला प्रत्येक तान समेकडे कोणत्या बाजूने येते ते दिसू लागते. संग्राहकाला मिळणारा मोठा लाभ हाच. मैफल एकदाच होते, तबकडी पुन्हा लावता येते.

तिसरी शिफारस एका जोडीची आहे, आणि जोडीतल्या दोन्ही बाजूंना गायिका एकच आहे. गंगूबाई हनगलांच्या (१९१३–२००९) १९३० च्या दशकातल्या तबकड्या ‘गांधारी हुबळी’ या नावाने निघाल्या. त्यांतला आवाज बारीक, उंच, मुलीचा आहे. पुढे घशावर शस्त्रक्रिया झाली, आवाज खाली उतरला आणि आपण ओळखतो तो भारदस्त, पुरुषी वाटावा असा स्वर आला. जुनी तबकडी आणि नंतरची एलपी लागोपाठ ऐकावी. एखाद्या कवीच्या पहिल्या संग्रहानंतर एकदम शेवटचा संग्रह उघडावा तसे होते. हानीतून शैली कशी घडते हे आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो, येथे ते ऐकायला मिळते.

हीच गोष्ट कुमार गंधर्वांची (१९२४–१९९२). थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा, म्हणजे एका अर्थी ध्वनिमुद्रणाच्या युगाचेच अपत्य. त्यांच्या लहानपणच्या तबकड्या उपलब्ध आहेत. १९४७ च्या सुमारास क्षय झाला, देवासला मुक्काम हलला, पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले. त्यानंतरच्या गाण्यात श्वास लहान आहे, स्वर एकदम फेकला जातो आणि मध्ये शांतता येते. माळव्यातली लोकगीते आणि निर्गुणी भजने त्यांच्या ख्यालापासून वेगळी काढता येत नाहीत. कुमारांच्या बाबतीत आमचा आग्रह असा, की स्टुडिओतल्या मुद्रणाबरोबर मैफलीचे एक तरी मुद्रण ऐकावे. स्टुडिओत ते बंदिश गातात, मैफलीत ती शोधत असतात.

दत्तात्रेय विष्णु पलुस्कर (१९२१–१९५५) हे नवख्या श्रोत्याला आम्ही न चुकता सुचवतो. अवघे चौतीस वर्षांचे आयुष्य. जे आहे ते बहुतेक लहान लहान मुद्रणांतून. बंदिशीचा प्रत्येक शब्द स्वच्छ, रागाचा चेहरा पहिल्या आवर्तनातच स्पष्ट. अतिपरिचयामुळे जाणकार कधी कधी त्यांना पाठ्यपुस्तकी म्हणतात. आम्ही पाठ्यपुस्तकेच शिकवतो, आणि चांगले पाठ्यपुस्तक किती दुर्मीळ असते याची आम्हांला कल्पना आहे.

एलपीच्या काळात एका बाजूला वीसेक मिनिटे मिळू लागली आणि ख्यालाला तबकडीवर प्रथमच जागा झाली. तिचा पुरेपूर उपयोग अमीरखाँनी (१९१२–१९७४) केला. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, अशी त्यांची एलपी आहे. झूमऱ्यातला तो मारवा संध्याकाळी, दिवे लावण्यापूर्वी, एकट्याने ऐकावा. प्रभा अत्रे यांची (१९३२–२०२४) १९७१ सालची मारुबिहाग आणि कलावतीची एलपी त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, प्रसन्न आणि मोकळी. मल्लिकार्जुन मन्सूरांनी (१९१०–१९९२) आधी नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची आणि मग अल्लादियाखाँचे पुत्र मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे जयपूरची तालीम घेतली. तरुणपणच्या तबकड्या आणि उतारवयातली लांब मुद्रणे शेजारी ठेवली की एका गळ्यात दोन घराणी कशी मुरली ते समजते. मालिनी राजूरकरांचे (१९४१–२०२३) टप्पे आमच्या भागात विशेष आपुलकीने ऐकले जातात. त्या हैदराबादला राहत, आणि १९५६ पर्यंत मराठवाड्याचीही राजधानी हैदराबादच होती.

किशोरी आमोणकरांबाबत (निधन २०१७) आमच्या दोघांत एकमत नाही. भूप आणि बागेश्रीची त्यांची एलपी यादीत असावी, एवढे दोघांनाही मान्य. एकाचे म्हणणे असे, की त्या भूपात बंदिशीचे शब्द स्वरात इतके विरघळतात की काव्य उरतच नाही. दुसऱ्याचे म्हणणे, काव्य तेथेच सुरू होते. हा वाद गेली अकरा वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा नाही.

इथवर यादी झाली. ती कोणत्याही जाणत्या श्रोत्याच्या यादीहून फार वेगळी नसेल, आणि यांतले बहुतेक सारे आज विद्यार्थ्याच्या मोबाइलवर काही क्षणांत वाजू शकते. अडचण तेथूनच सुरू होते. जे वाजते ते नेमके काय आहे?

जुन्या वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्या तासाला पाठचिकित्सा शिकवतो. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे तीनशे वर्षे नकला होत गेल्या, आणि प्रत्येक नकलेत थोडे बदलत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत, असे बजावून ठेवले. ध्वनिमुद्रणांनाही आज एकनाथांची गरज आहे. जुन्या तबकड्या ‘७८ फेऱ्यांच्या’ म्हणवल्या जातात, पण आरंभीच्या काळात वेग सर्वत्र सारखा नव्हता. चुकीच्या वेगाने उतरवून घेतलेली तबकडी सुमारे सहा टक्के जलद फिरली, की गाणे अख्ख्या अर्ध्या सुराने वर चढते. गायकाची पट्टी बदलते, आवाजाची जात बदलते, तानेचा वेग बदलतो. ऐकणारा मग ‘काय हो चपळ गळा’ म्हणून माना डोलावतो. सुईची खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात तंबोऱ्याचा झंकारही पुसला जातो. कोणी पोकळ घुमारा मिसळतो, कोणी दोन वेगळ्या मैफलींचे तुकडे जोडतो. एकनाथांनी मना केलेल्या ओव्या त्या याच.

त्याहून मोठी हानी नावांची होते. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत पुकारते. ऐकणाऱ्यांना आज ती मौज वाटते. कारण मात्र व्यवहाराचे होते. मूळ मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात, तबकड्या तेथे छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे लागे. संतकवीने अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घालावी तसेच हे काम झाले. आज मोबाइलवर गाण्याबरोबर फार तर गायकाचे नाव आणि राग येतो. साल नाही, गाव नाही. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगी कोणाची, काही नाही. मैफल उभी करणारी तीन-चार माणसे एका झटक्यात निनावी होतात.

हे ओळखून पदरमोड करून काम करणारी माणसे महाराष्ट्रात झाली. तबकडी संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली मुंबईत निघाली आणि तिने तबकड्यांच्या सूची आणि माहिती छापण्याचे किचकट काम अंगावर घेतले. कुमारांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी ‘संवाद फाउंडेशन’मार्फत घरोघरच्या मैफलींची मुद्रणे जमवली. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने अनेक मैफली कॅसेटवर आणल्या. शाळा-महाविद्यालयांत आम्ही हस्तलिखितांच्या संग्राहकांची नावे पाठ करून घेतो, तशी ही नावेही विद्यार्थ्यांना माहीत असायला हवीत.

आमच्या दिवंगत सहकाऱ्यांना यांतले कोणीही ओळखत नव्हते. ते फक्त नोंदी करीत. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर बारीक, सरळ अक्षरांत तारीख, वार, स्थळ, राग, ताल, साथीदार. राष्ट्रीय संगीत सभा आकाशवाणीवर १९५२ साली सुरू झाली आणि शनिवारची रात्र हे तिचे ठरलेले स्थान. त्यांच्या कित्येक कॅसेटी त्या शनिवारांच्या आहेत. कागदावर लिहिलेले असे: ‘वीज दोनदा गेली, दुसऱ्या वेळी द्रुत बुडाले.’ ‘बाजू पालटताना एक तान राहिली.’ अवतरणात काही गाळले तर तीन टिंबे द्यावीत, हा नियम ते आम्हांला प्रबंधाच्या वेळी शिकवीत. कॅसेटीवरही ते तो पाळीत होते, हे पेट्या उघडल्यावर कळले.

आणि मग तिसऱ्या पेटीच्या तळाशी सदतीस कॅसेटी निराळ्या बांधून ठेवलेल्या निघाल्या. १९८३ ते १९९६ या वर्षांतल्या, सगळ्या याच शहरातल्या. २०२३ पासून शहर छत्रपती संभाजीनगर झाले. या कागदांवर अर्थातच ‘औरंगाबाद’ आहे. गुलमंडीवरच्या एका वाड्यातला दत्तजयंतीचा उत्सव, औरंगपुऱ्यात कोणाच्या गच्चीवरची कोजागरी, गायनशिक्षकांच्या घरच्या गुरुपौर्णिमा. गाणारे कोण? शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई, बँकेतले कारकून, नांदेड-परभणीहून रात्रीच्या गाडीने आलेले कोणी बुवा. मराठवाड्याला पं. नाथराव नेरळकरांसारखे (निधन २०२१) देशभर नाव झालेले गुरू लाभले. त्यांच्यासारख्यांची मुद्रणे अनेकांपाशी असणार. या सदतीस कॅसेटींतली नावे कोणत्याही कोशात नाहीत, कोणत्याही कंपनीने ती छापली नाहीत. ही गाणी जगात या एका गाठोड्याखेरीज कोठेही नाहीत.

येथे दोन याद्यांची फारकत झाली. अमीरखाँचा मारवा थोर आहे, आणि म्हणूनच तो सुरक्षित आहे. तो हजारो घरांत आहे. शिक्षिकाबाईंचा पूरिया त्या पंक्तीला बसणारा नाही, पंचमाच्या वर्ज्यतेचा आब राखून बाई सावधपणे गातात, द्रुतात जरा दमतात. पण तो गेला तर या शहरात १९८७ साली पूरिया कसा शिकवला जात होता, याचा पुरावा जातो. आमच्यापैकी एकाने बराच वेळ मारव्याच्या एलपीसाठी रदबदली केली. तिचे वेष्टन देखणे आहे, त्यावर सरांची सही आहे, ती त्यांच्या पहिल्या पगारातली. दुसऱ्याने एवढेच विचारले, की आपण सरांची आठवण ठेवतो आहोत, की त्यांनी ठेवलेली आठवण? एलपी काकूंना दिली. ती कपाटात नसेल, त्यांच्या खोलीत असेल.

तेव्हा संग्रह करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. थोरांची मुद्रणे ऐका, पुन्हा पुन्हा ऐका, त्यासाठी वर यादी दिली आहे. पैसे आणि कपाट मात्र आपल्या गावातल्या आवाजांसाठी राखून ठेवा. कॅसेटी उभ्या ठेवा, कोरड्या जागी ठेवा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती यंत्रात घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. संगणकावर उतरवताना पहिली प्रत जशीच्या तशी ठेवा, स्वच्छ करायची ती दुसरी प्रत. घरगुती मैफलीचे मुद्रण जपणे आणि ते सर्वत्र वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, गाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय दुसरी करू नये. आणि ऐकण्याआधी लिहा. तारीख, स्थळ, राग, साथीदार, मुद्रण कोणी केले. जेवढे पक्के असेल तेवढेच.

सदतीसांपैकी एका कॅसेटवर मात्र कागद नव्हता. मुलतानी आहे, आवाज स्त्रीचा, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि कोणीतरी हलकेच हसते. आम्ही ती शहरातल्या दोन वृद्ध संगीतशिक्षकांना ऐकवली. गाणाऱ्या बाई दोघांनाही ओळखता आल्या नाहीत. तबलजी मात्र दोघांनी पहिल्याच आवर्तनात ओळखला, नावानिशी, गल्लीनिशी. आम्ही नवा कागद घातला. त्यावर राग लिहिला, तबल्यापुढे त्यांचे नाव लिहिले, ओळखणाऱ्या दोघांची नावे आणि तारीख घातली. गायिकेची ओळ आखून कोरी ठेवली आहे.